स्टोलनाके यांच्याकडून सप्रेम भेट

मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता टॉर्केलने कॉफीचा दुसरा कप रिचवला, "आज कॉफी फक्कड झालीय हं" अशी मनापासून दाद दिली आणि दालचिनीच्या पावांचा नवा पुडा काढायला स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. आत कॉफीच्या डब्याला टेकून एक मोठं पांढरं पाकीट उभं होतं. काल संध्याकाळी त्यानंच ते तिथे ठेवलं होतं, कारण या आठवड्याची कॉफीची पाळी त्याची होती, दोन्ही हातांत दुधाची खोकी होती आणि टपाल धरायला तिसरा हात नव्हता. काल त्या पाकिटात एक कागद होता. आज नव्हता.

"यातला कागद कुणी घेतला?" त्याचा आवाज चिरकला.

"तो गोल गाळणकागद? मी घेतला," गुन-ब्रित म्हणाली. "पाळी तुझी, आणि फिल्टरचं खोकं रिकामं! साडेनऊला सगळे कप घेऊन दारात. कपाट उघडलं तर पाकिटात कागद. म्हटलं, पोरानं निदान एक तरी आणून ठेवलाय."

"अगं, त्याच्यावर पेन्सिलीनं वर्तुळ काढलेलं होतं!"

"बघितलं ना. कॉफी कुठपर्यंत भरायची त्याची खूण. बरोब्बर तेवढीच भरली."

गुन-ब्रित ही प्रयोगशाळेची व्यवस्थापक, आणि वर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली सुरक्षा प्रतिनिधी. तीस वर्षं ती त्या मजल्यावर होती आणि तिच्या परवानगीशिवाय तिथे जिवाणूसुद्धा वाढत नसत. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आत्ता जे दोन कप टॉर्केलनं वाखाणून प्यायले होते, ते त्याच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होतं.

त्याचं असं होतं. टॉर्केल पाच वर्षं एका प्रथिनाच्या मागे लागला होता. हे प्रथिन मेंदूत गुठळ्या करून बसतं आणि माणसाला कंपवात जडतो. आता जिवंत माणसाच्या मेंदूतून ते काढून घ्यायची काही सोय नाही, म्हणून ते जिवाणूंकडून करवून घ्यायचं. जिवाणू हे हुकमाचे ताबेदार. त्यांच्या पोटात डीएनएचं एक बारीकसं कडं सोडलं की त्यावर लिहिलेलं प्रथिन ते मुकाट्यानं शिजवायला घेतात. या कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. साध्या प्रथिनाचं प्लाझ्मिड गल्लोगल्ली मिळतं, पण टॉर्केलला हवा होता उत्तरी वाण. उत्तरेकडच्या एका कुटुंबात सापडलेला, शेपटीला सतरा अक्षरांची भानगड असलेला. ही सतरा अक्षरं कुठेही छापलेली नव्हती, त्यामुळे पैसे टाकून बनवून घ्यायचीही सोय नव्हती. ती ठाऊक होती फक्त प्राध्यापक बिर्गर स्टोलनाके यांना, आणि ते कुणाला काही देत नसत.

टॉर्केलच्या देशात लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात आणि 'तू' म्हणतात. स्टोलनाक्यांना मात्र त्यांची बायकोसुद्धा 'प्राध्यापक' म्हणत असे, असं लोक सांगत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते परीक्षा समित्यांवर होते, आणि टॉर्केलच्याही समितीवर होते. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं, "उत्तरी वाण नाही, तर प्रबंध नाही." सात आठवड्यांनी जाहीर परीक्षा होती. सभागृह ठरलं होतं, प्रबंधाची भर सभेत उलटतपासणी घ्यायला हॉलंडहून प्रतिपक्षाच्या बाई येणार होत्या, आईनं जेवणावळीला चुलत्यांसकट चाळीस माणसं बोलावली होती. टॉर्केलनं वर्षभर विनंत्या केल्यावर अखेर काल ते पाकीट आलं होतं.

प्लाझ्मिड टपालानं धाडायची रीत जगभर एकच आहे. गाळणकागदावर एक थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, आणि वाळला की दिसत नाही म्हणून त्याभोवती पेन्सिलीनं वर्तुळ काढायचं. ज्याला मिळेल त्यानं वर्तुळ कापून पाण्यात भिजवायचं आणि ते पाणी जिवाणूंना पाजायचं. लोक नखाएवढा तुकडा पाठवतात. स्टोलनाक्यांनी हात सैल सोडून बशीएवढा अख्खा कागद पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती, ती टॉर्केलनं कालच खिशात घातली होती: 'हे शेवटचं. पुन्हा मागू नये. पुढच्या सोमवारी येऊन बघेन.'

"म्हणजे आपण कंपवात प्यायलो?" गुन-ब्रितनं विचारलं. तिचे पाच कप झाले होते. तिनं हात पुढे धरून पाहिला. "बघा! थरथरतोय!"

"काकडी खातेस तेव्हा काकडीचं डीएनए खातेस," इल्वा म्हणाली. "अजून वेलीला लागली नाहीस ना?" इल्वा ही टॉर्केलची मार्गदर्शक, त्या प्रयोगशाळेची प्रमुख. तिचा कॉफीचा कप तिनं प्राध्यापिका झाल्यापासून धुतलेला नव्हता, आणि आतला तपकिरी थर ती मानाचं पदक असल्यासारखा मिरवायची.

"काकडीनं आजवर कुणाला कंपवात झालेला नाही," गुन-ब्रितनं सुनावलं आणि ती तडक अपघाताचा तक्ता आणायला गेली.

तक्त्यात पहिलाच रकाना 'दोषी व्यक्ती' असा होता. गुन-ब्रितनं प्रामाणिकपणे स्वतःचं नाव लिहिलं. मग सुरक्षा प्रतिनिधी या नात्यानं तिनं स्वतःला चौकशीला बोलावलं. टॉर्केलला साक्षीदार म्हणून बसवून तिनं स्वतःला अकरा प्रश्न विचारले आणि त्यांतल्या दोहोंची उत्तरं द्यायला वकिलाशिवाय साफ नकार दिला. शेवटी तिनं स्वतःला लेखी समज दिली. ती तिला इतकी लागली की दुपारी तिनं स्वतःविरुद्ध कामगार संघटनेकडे दाद मागितली. पुढे दोन दिवस ती स्वतःशी फक्त कामापुरतं बोलत होती.

टॉर्केलला हे सगळं बघून हसायचीही शुद्ध नव्हती. "कागद कुठे टाकलास?" एवढंच तो विचारत होता.

"ओल्या कचऱ्यात. आणि पिशवी खाली गेली."

खाली अंगणात चार मजल्यांचा ओला कचरा एका पिंपात जमत असे. टॉर्केल कमरेपर्यंत आत उतरला. त्या इमारतीत माणसं काम किती करतात याबद्दल दुमत असेल, पण कॉफी किती पितात ते त्याला त्या दिवशी कळलं. वर येताना त्याच्या हातात एकोणीस गाळणकागद होते, त्यांत गोल चार, आणि पेन्सिलीची खूण एकावरही उरलेली नव्हती. त्यानं साऱ्यांना वेगवेगळं धुतलं. मग थर्मासच्या तळाचा गाळ घेतला. मग जोर चढला आणि त्यानं सगळ्यांचे कप मागितले.

"माझाही?" इल्वानं विचारलं.

"तुझा तर आधी. तुझ्या कपातून आजवर काही बाहेर पडलेलंच नाही."

इल्वानं जरा विचार केला. "तो नाजूक आहे. माझा मी विसळून आणते," असं म्हणून ती आपल्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं एका नळीत तपकिरी पाणी घेऊन आली.

ही सगळी धुवणं टॉर्केलनं जिवाणूंना पाजली आणि त्यांना प्रतिजैविक घातलेल्या बश्यांवर पसरलं. त्यातली मेख अशी, की ज्याच्या पोटात प्लाझ्मिड गेलं तोच जिवाणू तिथे जगतो, बाकीचे मरतात. बुधवारी सकाळी तो बश्या बघायला आला. एकोणीस कागदांच्या बश्या कोऱ्या. थर्मासची कोरी. गुन-ब्रितच्या कपाच्या बशीवर एक केस. आणि इल्वाच्या बशीवर ठिपकेच ठिपके, साबुदाणा सांडावा तसे!

"उगवलं!" टॉर्केल असा ओरडला की शेजारच्या प्रयोगशाळेतून अग्निशामक नळकांडं घेऊन एक जण धावत आला. टॉर्केलनं इल्वाला मिठी मारली, गुन-ब्रितलाही मारली. तिनं आधी हातमोजे घालायला लावले. "पहिला कप इल्वाचा होता," टॉर्केल आनंदानं सगळ्यांना समजावून सांगत सुटला, "आणि त्या थराला सगळं चिकटून राहिलं. न धुण्याचेही फायदे असतात!"

"असतात," इल्वा म्हणाली, आणि तिनं विषय बदलला.

सोमवारी प्राध्यापक स्टोलनाके आले. सहा फूट उंच, ताठ, काळा कोट, ऐंशीच्या उंबरठ्यावर. त्यांनी कॉफी नाकारली, पाव नाकारला, खुर्चीही नाकारली. "दाखव," म्हणाले.

टॉर्केलनं जिवाणूंची बशी त्यांच्या हातात दिली आणि प्लाझ्मिडच्या अक्षरांची छापील पट्टी समोर पसरली. अक्षरं वाचणाऱ्या यंत्रातून ती सकाळीच छापून आली होती. स्टोलनाक्यांचं बोट अक्षरांवरून सावकाश सरकत गेलं आणि शेपटीशी येऊन थांबलं. त्यांनी सतरा अक्षरं मोजली. पुन्हा मोजली. मग त्यांनी मघाशी नाकारलेली खुर्ची ओढून घेतली.

"हे कुठून आणलंस?"

"तुम्हीच पाठवलंत की."

"दार लाव," स्टोलनाके म्हणाले. टॉर्केलनं दार लोटलं. म्हाताऱ्यानं बशी दोन्ही हातांत धरली होती, सोडवत नव्हती. "मी त्या कागदावर काहीही सोडलं नव्हतं. नुसतं वर्तुळ काढलं होतं. माझ्याकडे उत्तरी वाण नाहीये. सत्तावीस वर्षांपूर्वी मध्यग्रीष्माच्या सणाच्या सुट्टीत फ्रीजर बंद पडला. सगळे नाचायला गेले होते. परत आलो तर सगळ्याचं कोमट पाणी झालेलं."

"पण मग... लोकांनी मागितल्यावर?"

"आधी नाही म्हणायचो. फारच मागे लागले तर वर्तुळ काढून धाडायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजवर सहा जणांना धाडलं. काही उगवलं नाही असं एकानंही कळवलं नाही. उलट आभाराची पत्रं आली. सहाही जणांनी लेख छापले. मला वाटायला लागलं, वर्तुळातच काही असेल."

"अहो, मग प्रबंधात ते हवंच असा हट्ट का धरलात?"

"सवयीनं," स्टोलनाके म्हणाले.

टॉर्केलला रडावं की हसावं ते कळेना. ज्या एका गोष्टीपायी त्यानं वर्षभर झोप गमावली, कचऱ्याच्या पिंपात उडी घेतली, ती गोष्ट या गृहस्थाकडे नव्हतीच. आणि तरी ती टेबलावर होती, सतरा अक्षरांसकट. "पण मग हे आलं कुठून?"

"माझ्याकडून," दारातून आवाज आला. इल्वा उभी होती. "प्राध्यापक, मी तुमची प्रयोगशाळा सोडली, तेव्हा जाताना एक नळी नेली. हातमोज्यातून."

"चोरलीस?"

"चोरली. अन् त्यानंतर सव्वीस आठवड्यांत तुमचा फ्रीजर बसला, ते तेव्हाच माझ्या कानावर आलं होतं. मी नेली नसती तर आज ती जगात नसती."

"आणि मला का नाही सांगितलंस?" टॉर्केल उसळला. "वर्षभर मी यांना लोटांगणं घालतोय!"

"कुठून आणलं म्हणून सांगणार होतास? हे समितीवर! म्हणून तर त्यांचं पाकीट आलं तेव्हा मी सुटले म्हटलं. कोरा का असेना, कागद आलाय, आता त्यावर माझ्या नळीतला थेंब गुपचूप सरकवून देईन. तर गुन-ब्रितनं त्याची कॉफी केली. मग राहिला माझा कप, थेंब त्याच्या पाण्यात सोडला. तो काय, लोक काहीही खपवून घेतात त्याच्या नावावर."

गुरुशिष्य दोघंही सारखेच अडकले होते. एकानं खोटं धाडलं होतं, दुसरीनं खरं चोरलं होतं. दोघांनाही तोंड उघडायची सोय नव्हती. तेवढ्यात तक्ता घेऊन गुन-ब्रित आत आली. "माझं प्रकरण मिटवायचंय. प्लाझ्मिडचं मूळ कुठलं म्हणून लिहू?"

"भेट," दोघंही एकदम म्हणाले.

त्या धंद्यात लेखाच्या तळाशी तसंच लिहायची पद्धत आहे. कुणी प्लाझ्मिड दिलं, की 'अमुक यांच्याकडून सप्रेम भेट'. टॉर्केलनं प्रबंधात तेच लिहायचं आणि बाकीचं पोटात ठेवायचं, असं ठरलं. त्यानं शब्द दिला. निघताना स्टोलनाक्यांनी ती बशी हळूच टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, आणि गेले.

टॉर्केलनं पाच आठवडे मान मोडून काम केलं. जिवाणूंनी प्रथिन शिजवलं, त्यानं ते गाळलं, ढवळलं, गुठळ्या व्हायची वाट पाहिली. इथे नवीन पाचर बसली. त्या सहा लेखांत गुठळ्या चार दिवसांत झाल्या होत्या. टॉर्केलच्या अकरा दिवसांत झाल्या. त्यानं तीनदा केलं. तिन्ही वेळा अकरा. खरा माल फक्त त्याच्याकडे होता, आणि म्हणून जगात चुकीचा दिसत होता तो एकटाच.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हॉलंडच्या डॉक्टर व्हिट्स्के तास दीड तास गोड गोड विचारत राहिल्या. मग त्यांनी चष्मा लावला.

"आता अकरा दिवसांचं बोलू. सहा प्रयोगशाळा, सहा लेख. त्यांतला एक माझा. सगळ्यांच्या गुठळ्या चार दिवसांत. सगळ्यांकडे प्राध्यापक स्टोलनाक्यांचंच प्लाझ्मिड. तुमच्याकडेही त्यांचंच. मग चूक सहा जणांची, की तुमची?"

टॉर्केलच्या पाचावर धारण बसली. खरं सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर पाच वर्षं बुडतात. इल्वा आपल्या बुटांकडे बघत होती. तिसऱ्या रांगेत त्याच्या आईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती लेकाच्या वतीनं ठामपणे मान हलवत होती.

"माझे आकडे... जसे आले तसे लिहिलेत," टॉर्केल पुटपुटला.

"हे उत्तर नाही झालं."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काळा कोट उभा राहिला. अध्यक्ष म्हणाले, "प्राध्यापक, समितीची पाळी नंतर आहे."

"नंतर माझी छाती होणार नाही," स्टोलनाके म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पोराचं बरोबर आहे. बाई, तुमचा कागद कोरा होता. सहाही कागद कोरे होते. खरं फक्त याच्याकडे आहे. आणि याला ते मी दिलेलं नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. आयुष्यभर जपलेलं नाव त्यांनी भर सभेत ओवाळून टाकलं होतं. सगळे डॉक्टर व्हिट्स्केंकडे बघू लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे?" स्टोलनाके पुन्हा उभे राहिले.

"तीनदा भिजवला होता मी. काही उगवलं नाही. वाटलं, आपल्याच हाताला यश नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाला कळवायचं कसं, की तुमचं आमच्याकडे उगवत नाही? म्हणून आमच्या फ्रीजरमधलं साधंच वापरलं आणि आभार तुमचे मानले. पुढे कळलं, बाकीच्या पाचांनीही तेच केलं. म्हणून तर सहाही जणांचे आकडे जुळले!"

"मग याला इतका वेळ का पिडताय?" न राहवून टॉर्केलची आई तिसऱ्या रांगेतून ओरडली. एवढं मात्र तिला बरोबर कळलं होतं.

"कारण याचे आकडे जुळत नाहीत, काकू! पहिल्यांदाच कुणाचे तरी जुळत नाहीत!" बाईंचा चेहरा उजळला होता.

समिती निकालासाठी आतल्या खोलीत गेली. बाईही गेल्या. साधारण पाव तासात निकाल येतो. अर्धा तास झाला. तास झाला. आतून चढे आवाज येऊ लागले. आईनं चाळीस माणसांचं जेवण गार होतंय म्हणून दोनदा निरोप धाडला. टॉर्केल भिंतीला टेकून घामाघूम उभा होता. गुन-ब्रितनं त्याच्यापुढे हात धरला, "बघ, आता माझा थरथरत नाहीये," तर तिला दिसलं, त्याचाच थरथरत होता.

दीड तासानं दार उघडलं. स्टोलनाके एकटेच बाहेर आले, कोटाचं वरचं बटण तुटलेलं.

"नापास?" टॉर्केलनं कसंबसं विचारलं.

"छे! पास तर तुला पहिल्या मिनिटाला केलं."

"मग दीड तास काय चाललं होतं?"

"ती बाई म्हणते, उत्तरी वाणाची नळी आधी तिला मिळाली पाहिजे. अध्यक्ष म्हणतो त्याला." स्टोलनाक्यांनी मागे वळून दार नीट लोटलं आहे ना ते पाहिलं, टॉर्केलचा दंड धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "बाळा, आधी मला देशील ना?"